मळवट आणि दोन पेन्सिल सेल

छोट्या कॅमेऱ्याची परीक्षा लोक मेगापिक्सेलपासून सुरू करतात. मी सेलच्या झाकणापासून करतो. कॅनन पॉवरशॉट ए५९० आयएस उलटा धरून खालचं झाकण सरकवलं की दोन पेन्सिल सेल दिसतात, भिंतीवरच्या घड्याळात असतात तसेच. हा कॅमेरा २००८ साली आला. त्या वर्षी आपल्याकडे खेड्यात लाईट कधी जाईल हे सांगता यायचं, कधी येईल ते नाही. चार्जरला लावलेली चपटी बॅटरी अर्धवट भरून तशीच पडून राहायची. पेन्सिल सेल मात्र नळदुर्गच्या स्टँडवर मिळायचा, परंड्यात मिळायचा, तेरच्या किराणा दुकानात साबणाच्या वड्यांशेजारी मिळायचा.

मिळायचा खरा, पण त्यात एक मेख होती. दुकानातला स्वस्त सेल घड्याळाला वर्षभर पुरतो आणि कॅमेऱ्यात दहा फोटोंत मान टाकतो. सेल नकली असतो म्हणून हे होत नाही. घड्याळ थेंबथेंब वीज मागतं, तर भिंग पुढे काढताना आणि फ्लॅश भरताना कॅमेरा एकदम घागरभर मागतो. जस्त-कार्बनच्या सेलला तेवढा प्रवाह देता येत नाही, त्याचा दाब पडतो आणि पडद्यावर लाल खूण लुकलुकते. अल्कलाइन सेल बरा. रिचार्जेबल निकेलचा सेल सगळ्यांत चांगला: अंगावर लिहिलेला दाब १.२ व्होल्टच, म्हणजे कमी, पण मागेल तेवढा प्रवाह देणारा. हे कळेपर्यंत मी तुळजापुरात एक अख्खी पौर्णिमा कोरडी घालवली. चूक माझीच होती, चार रुपये वाचवले होते.

या दोन सेलांनीच कॅमेऱ्याला त्याचं रूप दिलं आहे. उजव्या हाताला जो फुगवटा आहे, जिथे मधली बोटं आपोआप वळतात, तो शोभेसाठी काढलेला नाही. आत सेल उभे आहेत म्हणून तो आला. गरजेतून आलेला आकार हाताला किती नीट बसतो! त्या काळातले पत्त्यांच्या कॅटाएवढे पातळ, चकचकीत कॅमेरे हातातून साबणासारखे निसटायचे. हा निसटत नाही. मात्र खिशात मावणारा कॅमेरा म्हणून घ्याल तर थोडं सांभाळून. जाडी चार सेंटिमीटर, वजन सेल धरून सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. शर्टाच्या खिशात जातो, पण मग शर्ट एका खांद्यावरून ओघळल्यासारखा दिसतो. बंडीचा खिसा त्याला बरोबर होतो.

आता डोळ्याकडे येऊ. पाठीवरचा पडदा अडीच इंची आणि रेघारेघांचा, आजच्या मानाने गरीबच. मराठवाड्याच्या चैत्रातल्या दुपारी त्यात आपलंच कपाळ दिसतं. पण वर एक इवलीशी काचेची खिडकी आहे, डोळा लावून बघायची. झूम केलं की खिडकीतलं दृश्यही जवळ येतं. या खिडकीत अंक नाहीत, चौकट नाही, विजेचा संबंध नाही. पलीकडचं ऊन सरळ डोळ्यात येतं. ती पुरतं खरं मात्र सांगत नाही. तिच्यातून दिसतं त्याहून फोटोत बरंच जास्त येतं, कडेकडेने चारी बाजूंनी. शिवाय ती भिंगाच्या वर असल्यामुळे जवळची वस्तू टिपताना नेम चुकतो. मला हा दोष आवडतो. फोटोच्या कडेला कोण येऊन उभं राहिलं, हे घरी गेल्यावर कळतं.

शटरचं बटण अर्धं दाबलं की कॅमेरा अंतर मोजतो, उजेड मोजतो आणि हिरवा दिवा लावतो. पूर्ण दाबलं की फोटो. ज्यांनी एकदम पूर्ण दाबलं त्यांनी हा कॅमेरा मंद म्हणून नावं ठेवली. ती अगदीच खोटी नाहीत, कारण अंतर जुळवायला त्याला क्षणभर लागतोच. संबळ वाजवणाऱ्याची छडी वर गेलेली दिसली आणि मग बटण दाबलं, तर फोटोत छडी कातड्यावर टेकलेली. उपाय असा की हिरवा दिवा आधीच लावून घ्यायचा, बोट तिथेच अर्धं थांबवायचं आणि ठेका ऐकत राहायचं. दोन-तीन आवर्तनांनंतर छडी कधी उठणार हे कानाला कळू लागतं. तेव्हा मी डोळ्याने नाही, कानाने फोटो काढत असतो.

या कॅमेऱ्याची खरी कसोटी हळद-कुंकवाशी. तुळजापूरच्या देवीच्या महाद्वारासमोर आराधिणी, तिच्या भक्तिणी, बसतात. गळ्यात कवड्यांच्या माळा, पुढ्यात परडी, कपाळभर मळवट. भर उन्हात तो मळवट पहिल्यांदा टिपला तेव्हा फोटोत कपाळावर लाल रंगाचा एक सपाट ठिपका आला, स्टिकर चिकटवल्यासारखा. कुंकवाची पूड दिसेना, बोटांच्या रेषा दिसेनात, घामाने फुटलेली कड दिसेना. कॅमेरा उजेड मोजताना हिरव्याला सर्वांत जास्त मान देतो, त्याखालोखाल तांबड्याला, निळ्याला सर्वांत कमी. चेहरा एकूण ठीक आहे असं त्याला वाटतं, आणि तेवढ्यात तांबड्याचं भांडं काठोकाठ भरून सांडून जातं. सांडलेलं परत मिळत नाही. म्हणून उजेड दोन-तृतीयांश स्टॉप कमी करायचा. चेहरा जरा सावळा होतो, जसा असतो तसाच होतो, आणि मळवटात पूड परत येते. हळदीचंही तेच. रंग गडद करणारी जी सोय मेनूत दिलेली आहे, ती या गावात तरी बंदच ठेवावी.

गंमत म्हणजे काळ्या दगडालाही हीच मात्रा लागू पडते, पण कारण उलटं. चौकटभर काळाच दगड असला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार झालाय. तो उजेड वाढवतो आणि नळदुर्गचा उपळी बुरूज राखेचा ढीग दिसतो. इथेही मायनस. कपाळ असो की किल्ला, आमच्या जिल्ह्यात मायनस ही सवयच होऊन जाते. अपवाद फक्त पांढऱ्याधोट धोतरा-फेट्यांच्या घोळक्याचा. तिथे प्लस नाही केलं तर सगळे मळकट.

नळदुर्गला हा कॅमेरा पुरता उघडा पडतो, आणि तिथेच तो मला जास्त आवडू लागला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर बांध घातला गेला आणि त्या बांधाच्या पोटातच महाल बसवला गेला: पाणी महाल. नदी भरून वाहू लागली की नर आणि मादी हे दोन धबधबे बांधावरून कोसळतात आणि महालात उभ्या माणसाच्या अंगावर फक्त गारवा येतो. पाणी रेशमासारखं वाहतं दाखवायचं तर शटर बराच वेळ उघडं हवं. दुपारी आयएसओ सर्वांत कमी, ८० वर आणला, भिंगाचं छिद्र सर्वांत लहान, एफ ८ केलं, तरी शटर सेकंदाच्या तीनशेव्या भागाजवळच अडून राहतं. पाणी गोठून काचेचे तुकडे होतं. वर, एफ ८ ला चित्र मऊ पडतं. सेन्सरचे टिपके इतके बारीक, की लहान छिद्रातून जाताना पसरलेला उजेड एका टिपक्यात मावत नाही.

मग काय करायचं? थांबायचं. सूर्य बुडाल्यावर एफ ४ किंवा ५.६ वर, कॅमेरा दगडी कठड्यावर टेकवून, दोन सेकंदांचा टायमर लावून. तेव्हा पाणी पाण्यासारखं येतं. कमानीच्या कडेला, काळा दगड आणि पांढरा फेस जिथे भिडतात तिथे, जांभळी झालर उमटते. ती लहान भिंगाबरोबर येतेच. चार बाय सहाच्या छापील फोटोत दिसतही नाही. संगणकावर मोठं करून बघणाऱ्याला दिसते, आणि त्याला तेवढंच दिसतं.

सेन्सरचा आकार एकदा बोटावर मोजून बघावा. सुमारे पावणेसहा मिलिमीटर रुंद, सव्वाचार उंच: करंगळीच्या नखाहून लहान. जुन्या रिळाच्या ३५ मिलिमीटर फ्रेमचं क्षेत्रफळ याच्या पस्तीसपट. आयएसओ ४०० च्या पुढे सावल्यांत रंगीत रवा येतो, ८०० ला रव्याची भाकरी होते. पण याच लहानपणाने एक देणगीही दिली. एवढ्या सेन्सरवर छिद्र पूर्ण उघडलं तरी जवळचं-लांबचं जवळपास सगळं स्पष्ट येतं. लग्नाच्या फोटोग्राफरना पाठीमागचं जग विरघळवून टाकायला आवडतं. नवरी तेवढी स्पष्ट, बाकी गाव लोण्यात बुडालेलं. आराधिणीच्या मागचं गाव मला विरघळवायचं नसतं. तिच्या मागे बांगड्यांचं दुकान आहे, कवड्यांच्या माळा टांगलेल्या आहेत, सोलापूरहून चालत आलेल्या माणसाचे फुटलेले तळवे आहेत. ती कुठे बसली आहे, ते तिच्या चेहऱ्याइतकंच वाचता आलं पाहिजे. इतकं सगळं एका चौकटीत वाचता येण्यासाठी मोठ्या कॅमेरेवाल्याला छिद्र आवळावं लागतं, उजेड गमवावा लागतो. याला ते फुकट मिळालंय.

तेरला एकच गोष्ट सांगण्यासारखी. त्रिविक्रमाचं मंदिर विटांचं, मागची बाजू अर्धगोल, छप्पर बैलगाडीच्या कमानदार टपासारखं. मुळात बौद्ध चैत्य मानतात. आत उजेड येतो तो दारातूनच. भिंगातला स्थिरक, नावातलं ‘आयएस’ ते हेच, हाताचा कंप बराच खाऊन टाकतो, आणि सेकंदाच्या आठव्या भागाला हातात धरून काढलेले पाचांतले तीन फोटो निघतात. मात्र अंतर जुळवायला पुढचा नारिंगी दिवा फक्कन पेटतो. देवापुढे डोळे मिटून बसलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडावर तो पडला तेव्हा मला धरणी ठाव देईना. मेनूतून तो तेव्हाच बंद केला.

हल्ली तरुण मुलं हे जुने कॅमेरे हुडकून घेतात. सीसीडी सेन्सरच्या रंगात काही जादू आहे म्हणतात. मला ती फारशी पटत नाही. रंग सेन्सरपेक्षा आतल्या प्रक्रियेत शिजतो. सीसीडीची खरी खूण वेगळीच आहे: रात्री देवीची पोत, म्हणजे मशाल, पेटली की पाठीवरच्या पडद्यावर ज्योतीतून वर-खाली एक उभी जांभळी रेघ निघते. फोटोत ती येत नाही. फोनशी तुलना मी प्रामाणिकपणे करीन. रात्री फोन जिंकतो, घाईत फोन जिंकतो, कारण तो एका दमात अनेक फ्रेम घेऊन त्यातून एक रांधतो. याच्याकडे एकच फ्रेम, चुकली तर चुकली. आणि पैसे असतील तर २०१२ च्या सोनी आरएक्स १०० चा सेन्सर याच्या जवळजवळ पाचपट आहे, तो खिशातही नीट बसतो. पण वरची चकती फिरवून छिद्र-शटर दोन्ही आपल्या हातात घेणं, आणि सेल संपले तर टपरीवरून आणणं, हे इतक्या स्वस्तात एकत्र क्वचितच मिळालं. जुना घेणार असाल तर झाकण उघडून सेलच्या पट्ट्यांवर हिरवट बुरशी चढली नाही ना ते बघा, आणि कार्ड बत्तीस जीबीच्या आतलंच घ्या. मोठं तो ओळखत नाही.

त्या मळवटाच्या फोटोचं सांगायचं राहिलं. काढला तेव्हा ती म्हातारी म्हणाली, “काढलास का रं बाळा? दाव की मला.” उन्हात पडद्यावर काही दिसेना, तेव्हा तिनेच पदराची सावली धरली, आणि आम्ही दोघं त्या सावलीत डोकी घालून बघत राहिलो. प्रिंट हवी म्हणाली. पहिली प्रिंट केली तर खालून परडी कापली गेली. कॅमेऱ्याची चौकट चारास तीन आणि कागद सहास चार. दुसरी केली दोन्हीकडे पांढऱ्या पट्ट्या सोडून, आणि पुढच्या पौर्णिमेला नेऊन दिली. तिने फोटो हातभर लांब धरला, मग नाकाजवळ आणला. मळवटाकडे बघितलंच नाही. उजव्या कडेला, खिडकीतून मला न दिसलेला, फुगा तोंडात धरून उभा असलेला एक पोरगा होता. त्याच्यावर बोट ठेवून तिने विचारलं, “आन् ह्यो कुनाचा?”