फळ्यावरची लांबट कक्षा

ऋतूंच्या धड्यासाठी वर्गात टांगले जाणारे अनेक तक्ते पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लांबट दाखवतात. आमचा पहिला आक्षेप या चित्राला आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात उमरग्यात भर दुपारी सावली पायाखाली जाते. ते अनुभवलेले मूल हा तक्ता पाहून म्हणणारच, की उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो! प्रत्यक्षात पृथ्वी जानेवारीत सूर्यापासून १४.७ कोटी, तर जुलैत १५.२ कोटी किलोमीटरवर असते.

दुसरा आक्षेप आपल्याच उत्तराला. ‘आस कललेली आहे, अंतराचा संबंध नाही’ असे सांगून आपण मोकळे होतो. आजच्या ऋतूंपुरते ते चालते. पण या अंतरामुळे मिळणाऱ्या उन्हात सुमारे ७ टक्के फरक पडतो, आणि जवळिकीचा महिना संपातचलनामुळे सरकत राहतो. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी तो जून-जुलैत होता. तेव्हा उन्हाळ्यात जमीन अधिक तापे, मॉन्सूनही जोरदार असे. लोणार सरोवराच्या तळातील गाळात त्या ओल्या काळाच्या, आणि पुढे पाऊस घटल्याच्या, खुणा सापडल्या आहेत. मिलांकोविच यांनी १९४१ च्या ग्रंथात हिमयुगांचा हिशेब मांडला तो अशाच चक्रांवरून.

तक्ता गुंडाळून ठेवा. फळ्यावर ५० सेंटिमीटर त्रिज्येचे साधे वर्तुळ काढा. खऱ्या कक्षेतला फरक खडूच्या जाडीतच लपेल. सूर्य मात्र मध्यापासून ८ मिलिमीटर बाजूला काढा. त्या बाजूच्या कडेला ‘जानेवारी’ लिहा, आणि त्याखाली ‘११ हजार वर्षांपूर्वी: जुलै’.