पोत दिसतो, वीण दिसत नाही

संगणकाला नियम लिहून द्यायचे, त्या नियमांतून चित्र उमटू द्यायचे आणि ते ब्लॉकचेन या सामायिक डिजिटल नोंदवहीत नोंदवून विकायचे, ही कला 2020 नंतर जगभर पसरली. तिने ज्या जुन्या परंपरांकडे मोहाने पाहिले, त्यांत हातमागाचे कापड आहे. मेक्सिकोतल्या साल्तियो शहराच्या नावाने ओळखला जाणारा सरापे म्हणजे रंगीत पांघरूण, ओआहाकाजवळच्या तेओतित्लान देल वाये गावातले झापोतेक विणकरांचे लोकरी गालिचे, बायकांचा हुइपील हा सैल अंगरखा. यांतले पट्टे, चौकटी आणि पायरीदार नक्षी आता पडद्यावर नव्या रूपात दिसतात. आम्ही शहाद्याची माणसे कापूसपट्ट्यातली. तालुक्यात कापूस पिकतो, लोकनायक जयप्रकाश नारायण सहकारी सूतगिरणीत त्याचे सूत होते, पण माग घरोघर चालत नाहीत. सुताशी रोजचा संबंध असलेल्या आणि कापड विकत घेणाऱ्या माणसाला ही चित्रे पाहताना पहिला प्रश्न पडतो तो असा, की यात विणलेले नेमके काय आहे?

आधी या कलेचे यंत्र समजून घेऊ. ह्यूस्टनमध्ये टाइल्सचा व्यवसाय करणाऱ्या एरिक काल्देरॉन यांनी नोव्हेंबर 2020 मध्ये ‘आर्ट ब्लॉक्स’ सुरू केले. तिथे कलावंत तयार चित्र देत नाही, चित्र घडवणारा प्रोग्राम देतो. ग्राहकाने खरेदी केली, की त्या व्यवहारातून अक्षर-आकड्यांची एक लांब ओळ तयार होते. प्रोग्राम त्या ओळीला बीज मानून रंग, जाडी, दिशा ठरवतो आणि तेव्हाच चित्र जन्माला येते. टायलर हॉब्ज यांच्या ‘फिडेन्झा’ची 999 चित्रे 2021 मध्ये अशीच आली. त्यांतले कोणते कसे निघेल, हे खुद्द हॉब्जनाही आधी सांगता आले नसते. निवडून चार चांगली दाखवण्याची सोय इथे नाही. प्रत्येक चित्र चांगले निघेल असे नियम लिहावे लागतात, आणि या कलेची खरी परीक्षा तिथेच आहे.

आता मागाकडे वळू. साल्तियोचा अभिजात सरापे आणि आपली येवल्या-पैठणची पैठणी यांचे तंत्र एकाच कुळातले आहे. आडव्या धाग्याचा प्रत्येक रंग वेगळ्या कांडीवर असतो. एक रंग आपल्या हद्दीपर्यंत येतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. म्हणून पैठणीच्या पदरावरचा मोर, मुनिया किंवा आसावली उलट बाजूनेही तशीच दिसते. धागा वळण घेत नाही, तो आडवा किंवा उभाच जातो. त्यामुळे सरापेतला मधला समभुज चौकोन काय आणि पैठणीतली मोराची मान काय, दोन्ही मोजलेल्या पायऱ्यांनी चढतात. त्या नक्षीचे सौंदर्य या अडचणीतून आले आहे. विणकराने उभे धागे मोजले, अडचण मान्य केली आणि तिच्यातूनच गोलाईचा भास उभा केला.

कापडावरून स्फुरलेली पडद्यावरची पुष्कळ कामे नेमकी इथे कमी पडतात. त्यांत रंगसंगती सरापेची असते, वर धाग्यासारख्या बारीक रेघा असतात, कडेला झालरही असते. पण रेघ कुठूनही कुठेही जाते. उभ्या-आडव्याचे बंधन नाही, धागा संपत नाही, रंग बदलताना कुणाला थांबावे लागत नाही. ही कापडाची छायाचित्रे म्हणावीत, वीण नव्हे. एमिली शी यांच्या ‘मेमरीज ऑफ किलिन’ (2022) या 1,024 चित्रांच्या संग्रहाबद्दल मला आदर वाटतो. त्यांनी पूर्व आशियाई कला आणि नक्षीदार कापड यांचे कोलाज केले आणि ते कोलाज म्हणूनच समोर ठेवले. विणल्याचा आव आणला नाही.

विणीचा विचार खोलवर करणारी कलावंत हवी असेल, तर संगणकाच्या आधी जावे लागते. ॲनी आल्बर्स 1935 पासून पुन:पुन्हा मेक्सिकोला गेल्या. ‘मोंते आल्बान’ हे त्यांचे 1936 चे विणकाम तिथल्या प्राचीन स्थळाचे नाव घेते, पण त्यात तिथली कोणतीही नक्षी जशीच्या तशी उचललेली नाही. त्या वास्तूंची रचना त्यांनी धाग्याच्या नियमांत पुन्हा विचारात घेतली. आजच्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी हा धडा घ्यायला हवा.

आपल्याकडेही या विचाराचा वारसा आहे आणि तो फार कमी सांगितला जातो. चित्रकार अकबर पदमसी यांनी 1969 मध्ये नेहरू फेलोशिपच्या पैशातून मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभारली. तिथे ‘सिझिजी’ हा मूक अमूर्त चित्रपट तयार झाला. नियमबद्ध रेषांची सुमारे हजार रेखाटने, त्यांना ॲनिमेटर राम मोहन यांनी दिलेली गती, आणि संगणक कुठेही नाही! मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे गिफ्ट सिरोमनी आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये कोलम या तमिळ रांगोळीच्या ठिपक्यांचे गणिती व्याकरण मांडले. आपल्या अंगणातली ठिपक्यांची रांगोळी त्याच जातीची आहे. नियमातून नक्षी काढणे आपल्याला परके नाही. पैठणीचे तसे व्याकरण अजून कुणी मनावर घेऊन लिहायचे आहे.

बाजाराबद्दल थोडक्यात. दमित्री चेर्निआक यांच्या ‘रिंगर्स’ या मालिकेतले एक चित्र जून 2023 मध्ये सदबीज या लिलावगृहात 62 लाख डॉलरला गेले, पण तोवर एकूण बाजार ओसरला होता. भारतात एप्रिल 2022 पासून अशा व्यवहारांच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि जुलै 2022 पासून व्यवहाराच्या रकमेतून 1 टक्का करकपात. हौशी कलावंताला हे परवडणारे नाही. ब्लॉकचेनवर घेतला जाणारा विजेच्या उधळपट्टीचा आक्षेप मात्र सप्टेंबर 2022 नंतर इथेरियम या ब्लॉकचेनला उरलेला नाही. तिची विजेची गरज 99 टक्क्यांहून अधिक घटली.

मला जास्त अस्वस्थ करते ती वाट्याची गोष्ट. 2019 मध्ये कॅरोलिना हेरेरा या कंपनीच्या कपड्यांवर साल्तियोच्या सरापेची नक्षी आली, तेव्हा मेक्सिकोच्या सांस्कृतिक मंत्र्यांनी जाहीर जाब विचारला. 2022 मध्ये तिथे आदिवासी आणि आफ्रो-मेक्सिकन समाजांच्या सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी केंद्रीय कायदा आला. आपल्या पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते येवल्या-पैठणच्या कापडाचे नाव राखते, पण पडद्यावर नाचणाऱ्या तिच्या मोरापर्यंत त्याचा हात पोहोचणे अवघड आहे. ब्लॉकचेनने आश्वासन दिले होते, की प्रत्येक पुनर्विक्रीत मूळ निर्मात्याला आपोआप वाटा जाईल. 2023 मध्ये ओपनसी या मोठ्या बाजारपेठेने तो वाटा ऐच्छिक करायचे ठरवले. चित्रकाराचेच हक्काचे पैसे जिथे पक्के नाहीत, तिथे विणकराला कोण विचारणार?

शहाद्यात अभियांत्रिकीची मुले प्रोग्राम लिहायला शिकतात. त्यांच्यातल्या कुणाला या कलेची ओढ असेल, तर त्याने सरापेची रंगपेटी उचलण्याआधी येवल्याला जावे, विणकराशेजारी बसून धागे मोजावेत, आणि पहिले चित्र विकण्यापूर्वी त्या विणकराचे नाव आणि वाटा करारात लिहावा.