‘सर्वांत ताकदवान डेक’ म्हणजे नक्की काय?

हार्थस्टोन खेळत असाल तर ‘टियर लिस्ट’ पाहिली असेलच: ताकदवान डेक वर, बाकीचे खाली. पीएचडीच्या तयारीत असाल तर ही यादी एकदा शोधनिबंधासारखी तपासून बघा.

पहिला प्रश्न नमुन्याचा. एचएसरिप्लेसारख्या साइटकडे डेटा येतो तो ट्रॅकर बसवलेल्या खेळाडूंचा. सकाळी शिफ्टच्या वेळी बोईसर स्टेशनवर सर्वे केला, तर तारापूर एमआयडीसीचे कामगार भेटतील, मोखाड्याचा शेतकरी नाही. त्यावरून अख्ख्या पालघर जिल्ह्याबद्दल बोलाल का?

दुसरा आकड्याचा. 100 डावांत 55 टक्के विजय ऐकायला भारी वाटतं. पण 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढा: साधारण 45 ते 65. म्हणजे डेक हरणाराही असू शकतो! 10,000 डाव असतील तर तोच पट्टा 54 ते 56 होतो.

तिसरा सर्वांत महत्त्वाचा: कोणाच्या हातात, कोणासमोर? 2015 चा पॅट्रन वॉरियर मुरलेल्या खेळाडूच्या हातात जबरदस्त, नवख्याला मात्र झेपायचा नाही. शिवाय सगळे एकच डेक खेळू लागले की त्याला हरवणारा डेक वर चढतो. म्हणजे विजयाची टक्केवारी एकट्या डेकची नसते, त्या आठवड्यातल्या प्रतिस्पर्ध्यांचीही असते.

यादी टाकाऊ नाही. उद्या कोणता डेक खेळायचा ते ठरवायला ती पुरते. कारण सांगायला पुरत नाही.

आता तुमचा सिनॉप्सिस उघडा. ‘प्रभावी’, ‘सर्वोत्तम’ हे शब्द शोधा आणि प्रत्येकापुढे लिहा: कुठे, कधी, कोणाच्या तुलनेत? उत्तर नसेल तर गाइड विचारायच्या आधी तो शब्द खोडा.