चौदा नावांचा तक्ता आणि वसईची नोंदवही : डेटाबेस-व्यवस्थापनविषयक व्यावहारिक सूचनांचे परीक्षण

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची संकल्पना मांडली. पुढे तिच्या दैनंदिन व्यवस्थापनासाठी ‘हे करा, ते टाळा’ अशा थाटाचे विपुल सूचनावाङ्मय निर्माण झाले. त्याची उपयुक्तता नाकारता येत नाही. तथापि या सूचना कोणत्या माहितीवर पारखल्या गेल्या, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

ओरॅकलच्या प्रसिद्ध ‘एम्प’ या नमुना तक्त्यात चौदा कर्मचारी आहेत. किंग, स्मिथ, स्कॉट, टर्नर ही त्यांतील काही नावे. सर्व नावे रोमन मोठ्या अक्षरांत असून सहा अक्षरांहून मोठे नाव एकही नाही. या चौदांत कोणी डिसोझा वा डिमेलो नाही. वसईतील कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रवेशनोंदीत मात्र ही आडनावे पानोपानी भेटतात. रोमन लिपीत ती लिहिताना आरंभीच्या ‘डी’नंतर अनेकदा अपॉस्ट्रॉफी येते आणि एसक्यूएलमध्ये हेच चिन्ह मजकुराची समाप्ती दर्शवते. परिणामी आज्ञा मध्येच तुटते. यावर ‘चिन्ह दोनदा लिहा’ ही नेहमीची सूचना तात्पुरती चालते. ‘चिन्ह काढून टाका’ ही मात्र सर्वस्वी आक्षेपार्ह आहे. एका नोंदीत चिन्हासह, दुसरीत जोडून, तिसरीत जागा सोडून लिहिलेले आडनाव संगणकाला तीन भिन्न व्यक्तींचे वाटते. गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला यांतील नावे जुळवण्याचा खटाटोप मग विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो. आज्ञा आणि मूल्य वेगळे ठेवणारी पॅरामीटरची पद्धत हा खरा उपाय होय. तिच्यामुळे बाहेरून घुसवलेल्या आज्ञांपासूनही संरक्षण मिळते. बहुतेक सूचनासंग्रहांत ती ‘प्रगत’ भागात ढकललेली असते, हे खेदजनक आहे.

देवनागरीची उपेक्षा याच जातीची आहे. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह तीन बाइट घेते. ‘नालासोपारा’ या शब्दात अशी दहा चिन्हे, म्हणजे तीस बाइट. ओरॅकलमध्ये स्तंभाची लांबी मूलतः बाइटांत मोजली जात असल्याने वीस लांबीचा स्तंभ हे गावाचे नाव नाकारतो. लांबी अक्षरांत मोजण्याची सोय आहे. ती तक्ता रचतानाच वापरलेली बरी. एसक्यूएल सर्व्हरमध्ये युनिकोड स्तंभ असूनही मूल्यापूर्वी ‘एन’ लिहायचे राहिले, तर मराठी नावाच्या जागी बहुधा प्रश्नचिन्हांची रांग उमटते. ती रांग पाहून मूळ नाव परत मिळवता येत नाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वसईसह आठ तालुके त्यात गेले. अशा वेळी ‘ठाणे’ शोधून ‘पालघर’ लिहिणारी एकच अपडेट आज्ञा सुचवली जाते. ‘व्हेअर’ची अट सैल राहिली तर कल्याण-भिवंडीचे विद्यार्थीही पालघरचे होतात. अट तालुकानिहाय घातली, तरी जन्मस्थानाचा स्तंभ बदलणे चूकच. २०१४ पूर्वीच्या जन्मदाखल्यावर ठाणेच आहे. तीच अट आधी सिलेक्टला लावून ओळी मोजाव्यात, ही सूचना साधी खरी, पण अमूल्य आहे. ‘चुकल्यास रोलबॅक करा’ हा सल्ला मात्र अर्धवट आहे. ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्ये कमिट करेपर्यंत तो खरा ठरतो; मायएसक्यूएलमध्ये व्यवहार स्वतंत्रपणे सुरू केला नसेल, तर मूळ मांडणीनुसार प्रत्येक आज्ञा तत्क्षणी कायम होते. उत्पादनाचे नाव न सांगता दिलेली अशी सूचना वाचकाला भलताच धीर देते.

इंडेक्सविषयीच्या सूचना बहुतांशी निर्दोष आहेत. बॅकअपविषयी मात्र ‘रोज घ्या’ एवढ्यावर भागत नाही. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरार परिसर जलमय झाला आणि नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी येऊन लोकलसेवा ठप्प झाली. अशा दिवशी तळमजल्यावरील सर्व्हर आणि त्याच खोलीतील कपाटात ठेवलेली प्रत एकाच पाण्यात भिजते. ती कपाटाबाहेर, गावाबाहेर ठेवली, तरी ती उघडते की नाही हे कळण्यासाठी दुसऱ्या यंत्रावर पुनःस्थापित करून ओळींची संख्या ताडून पाहावी लागते. या कामास किती तास लागतात, याची नोंद प्रवेशाच्या हंगामापूर्वीच हाती असावी लागते.