साहेब कोण ठरवतो?

निकोलाय गोगोल यांच्या 'इन्स्पेक्टर जनरल' (१८३६) या नाटकातील ख्लेस्ताकोव हा सर्वांत खालच्या श्रेणीचा कारकून. खानावळीचे पैसे थकलेले. तो आपण होऊन अधिकाऱ्याचे सोंग घेत नाही. भेदरलेला नगरप्रमुखच त्याला साहेब ठरवतो, पैसे देतो, मुलगी द्यायलाही राजी होतो. पु. ल. देशपांडे यांनी 'अंमलदार'मध्ये हेच कथानक मराठीत आणले.

या नाटकात बहुधा लाचखोरीवरील प्रहार पाहिला जातो. मला मात्र शेवटच अधिक अस्वस्थ करतो. खरा अधिकारी आल्याची वर्दी येते आणि सारे थिजतात. आता न्याय होणार, असे आपणही समाधानाने मानतो. पण नुकतीच तोंडघशी पडलेली ही माणसे या दुसऱ्या साहेबाविषयी एकही प्रश्न विचारत नाहीत. आणि प्रेक्षागृहात बसलेले आपणही नाही!