उमाबाईंच्या पायातले सोने

सरसेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई माहेरच्या अभोणेकर ठोके देशमुख, म्हणजे आमच्या नाशिक जिल्ह्यातल्याच. १७२९मध्ये पती गेले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत बाजीरावांच्या फौजेशी लढताना मुलगा त्र्यंबकराव पडला. पुढच्या वर्षी पिलाजी गायकवाडांचा खून झाला आणि उमाबाई स्वतः अहमदाबादेवर चालून गेल्या.

इथून लोककथा सुरू होते. ‘विधवेशी काय लढायचे’ म्हणून जोरावरखान बाबीने हिणवले, बाई हत्तीवरून लढल्या, जिंकल्या आणि शाहू महाराजांनी त्यांच्या पायात सोन्याचे तोडे घातले. अभ्यासक हा शेवटचा तपशील शोभेचा म्हणून सोडून देतात. मला तोच कथेचा गाभा वाटतो. सोने म्हणजे लक्ष्मी. ते पायात घालायचे नाही, हा आपल्याकडचा रिवाज. पायात सोने हा राजघराण्याचा किंवा राजाने दिलेला मान. त्यात विधवेच्या अंगावरचे दागिने उतरलेले. म्हणजे कथा एकाच दागिन्याने दोन बंधने मोडते.

कागदावर काय आहे? डभईनंतर सेनापतिपद मिळाले ते धाकट्या यशवंतरावाला. कारभार आणि मोहीम मात्र आईची. ‘पहिली स्त्री सरसेनापती’ हे आजचे बिरुद म्हणून जपूनच वापरावे. दप्तराने जे मुलाच्या नावे लिहिले, ते लोकांनी आईच्या पायात घातले, असे मी म्हणेन.

अमेरिकेतल्या शायेन लोकांनी हेच लढाईच्या नावातून केले. १७ जून १८७६च्या रोझबडच्या लढाईत ‘बफेलो काफ रोड वुमन’ या स्त्रीने घोडा घालून भावाला वाचवले. अमेरिकी सैन्याने लढाईला नदीचे नाव दिले. शायेन मात्र ‘बहिणीने भावाला वाचवले ती लढाई’ म्हणतात. तिथे सन्मान नावात राहिला, इथे दागिन्यात.

आमच्या त्र्यंबकेश्वराचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतले. त्याच नानासाहेबांनी १७५१मध्ये दाभाडे कुटुंबाला कैदेत टाकले. पेशव्यांची आठवण दगडात आहे. उमाबाईंची सप्तशृंगीच्या पायऱ्यांशी जोडलेली, आणि बाकी बोलण्यात.

हल्ली मिरवणुकींत आणि भित्तिचित्रांत उमाबाई दिसू लागल्या, हे चांगलेच. पण त्यांना काष्टा, फेटा, तलवार देऊन थेट झाशीच्या राणीच्या साच्यात बसवतात. गळाभर दागिनेही घालतात. मग त्यांचे वैधव्य जाते, खानाचे हिणवणे जाते. माझ्या पाहण्यातल्या एका चित्रात तर पाय रिकिबीत आहेत आणि तोडे काढलेलेच नाहीत.