प्रत परतते, अधिकार परततात काय?

फेब्रुवारी २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या संगणक-यंत्रणेवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहितीला कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या आज्ञावलीचा, हल्ला झाला. २७ सर्व्हर त्यात सापडले, खंडणी बिटकॉइनच्या रूपाने मागण्यात आली आणि मार्चमध्ये प्रकरण निगडी पोलिसांकडे गेले. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ठळक झाली ती तक्रारीतील सुमारे ५ कोटी रुपयांच्या नुकसानीची रक्कम. अशा प्रसंगी सामान्यतः एकच प्रश्न विचारला जातो : बॅकअप होता काय? प्रश्न रास्त आहे. परंतु अपुरा आहे, आणि हे अपुरेपण पाठचिकित्सेच्या अभ्यासकास तरी चटकन ध्यानी यावे.

फाईल म्हणजे केवळ तीतील मजकूर नव्हे. ती कोणाची, कोणी वाचावी, कोणी बदलावी, याची नोंद तिला जोडलेली असते. विंडोज प्रणालीत ही नोंद नावाने नव्हे, तर प्रत्येक खात्यास मिळालेल्या दीर्घ क्रमांकाने ठेवली जाते. खाती नष्ट झाली आणि त्याच नावांची पुन्हा निर्माण केली, तरी क्रमांक नवे पडतात. जुनी फाईल मग अक्षरशः जशीच्या तशी परत येते, पण मालकाच्या जागी एक अनोळखी आकडा उभा असतो. लिनक्सवर साध्या वापरकर्त्याने संग्रह उलगडला, तर साऱ्या फायली उलगडणाऱ्याच्याच नावावर जमा होतात. मजकूर शाबूत, स्वामित्व गहाळ, अशी ही अवस्था होय.

याच पट्ट्यात हा प्रश्न पूर्वी एकदा वेगळ्या रूपाने उपस्थित झालेला आहे. देहूच्या डोहात बुडवलेल्या तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. संशोधकाच्या हाती मात्र येतात त्या प्रती. १८६९ ते १८७३ या काळात निघालेली इंदुप्रकाश आवृत्ती देहू, तळेगाव, कडूस व पंढरपूर येथील हस्तलिखितांवर उभी आहे; १९१९-२० मध्ये वि. ल. भावे यांनी चाकणच्या संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून गाथा सिद्ध केली आणि तिला ‘अस्सल’ म्हटले. या एका विशेषणातच सारा वाद आहे. ‘तुका म्हणे’ ही मुद्रा अभंगाच्या आतच असते. त्यामुळे ती प्रतीबरोबर सहज प्रवास करते, आणि त्याच कारणाने कोणाही अनुकरणकर्त्यास उचलता येते. संगणकात उलट घडते. तेथे मुद्रा मजकुराबाहेर असते. म्हणून ती खोटी करणे कठीण, पण वाटेत सांडणे सोपे.

यावर उपाय म्हणून अधिकारांची नोंदही बॅकअपमधून जशीच्या तशी परत आणावी, असे सुचवले जाते. हे मत अर्धेच ग्राह्य आहे. मजकुरासाठी हल्ल्यापूर्वीची शेवटची निर्मळ प्रत इष्ट. अधिकारांच्या बाबतीत जुनेपणा हाच दोष ठरतो. जुनी यादी उभी केली की नोकरी सोडून गेलेला कामगार पुन्हा आत येतो, करार संपलेल्या पुरवठादारास सुट्या भागांची रेखाचित्रे पुन्हा उघडी होतात. घुसखोराने हल्ल्याच्या आधी गुपचूप निर्मिलेले खातेही तेवढ्याच निष्ठेने पुनरुज्जीवित होते! विंडोजच्या केंद्रीय खाते-निर्देशिकेने ही मर्यादा स्वतःच मान्य केली आहे. खोडलेल्या खात्यांची आठवण ती सामान्यतः १८० दिवस ठेवते. त्याहून जुना बॅकअप पुनःस्थापनेस ग्राह्य धरीत नाही, कारण खोडलेले ते पुन्हा जिवंत होण्याचा धोका असतो.

तेव्हा अधिकारांची जुनी नोंद साक्षीदार म्हणून तपासावी, आज्ञा म्हणून पाळू नये. चाकणसारख्या ठिकाणी, जेथे एका कारखान्याच्या फायली अनेक पुरवठादारांना वाचाव्या लागतात, हे काम किचकट आहे आणि केवळ यंत्रज्ञाच्या हातचे नाही. आज कोण नोकरीत आहे व कोणाचा करार चालू आहे, ही यादी सर्व्हरवर असेलच असे नाही. ती बहुधा कर्मचारी-विभागाच्या कपाटात सापडते.